आहेरातला फोन

गाठोडं सुटलं तेव्हा बुरुल चहा ओतत होती.

बुरुलची नात चालायला लागली होती, म्हणून रीतीप्रमाणे तिच्या पायात बांधलेला दोर अंगणात नुकताच कापून झाला होता. काळ्या-पांढऱ्या लोकरीचा तो दोर शर्यत जिंकलेल्या मुलीने कात्रीने कापला, नात दोन पावलं टाकून धपकन बसली, आणि आता ही पोर आयुष्यभर अडखळणार नाही असं सगळ्या बायकांनी जाहीर करून टाकलं. त्यानंतर सगळ्याजणी आत येऊन आहेर बघायला बसल्या. नारिन गावात आहेर झाकून देत नाहीत आणि झाकून घेतही नाहीत. एखादी खणखणीत आवाजाची बाई मध्ये बसते, गाठोडं सोडते, एकेक वस्तू वर धरून दाखवते आणि मग घरोघर त्याची महिनाभर चर्चा होते.

हे गाठोडं आत-बाशी गावाहून आलेल्या झुमाकानचं होतं. झुमाकान म्हणजे बुरुलच्या सुनेच्या मावशीची विहीण. इतकं लांबचं नातं असूनही बाई गाठोडं घेऊन आली, याचंच कौतुक चाललं होतं.

"चापान, मखमलीचं," लांब अंगरखा वर धरत गाठोडं सोडणारी म्हणाली. "शाल, गुलाबांची. साखर. आणि हे बघा, चक्क फोन."

पारदर्शक चकचकीत कागदात गुंडाळलेला गुलाबी फोन होता तो. वर गुलाबी फितीचं फूल, आणि त्या फुलाखाली लाल रंगाच्या बारीक तारेचे दोन वेढे, टोकं एकमेकांत पिळलेली. तसली तार नारिनच्या बाजारात मिळत नाही. ती शाळेच्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेत, डाव्या कपाटातल्या दुसऱ्या कप्प्यात असते आणि तिचे असे नीटनेटके पीळ घालायची सवय गावात एकाच बाईला आहे.

बुरुल ओततच राहिली. पेला काठोकाठ भरला आणि चहा बशीत उतरला. तो पेला झुमाकानच्या पुढ्यात होता. पाहुण्याला पेला अर्धा द्यायचा, म्हणजे त्याने पुन्हा पुन्हा मागावा. काठोकाठ भरलेला पेला म्हणजे आता उठा. झुमाकान त्या पेल्याकडे बघत राहिली. बुरुलने पटकन तो उचलला, स्वतःच पिऊन टाकला आणि जीभ भाजून घेतली.

त्या फोनला ओळखणारी खोलीत आणखी एक बाई होती. सुनेची आई, असिलकान. ती लालबुंद झाली होती.

बुरुल स्वयंपाकघरात गेली तशी असिलकान तिच्या मागोमाग आली, दार लोटून घेतलं आणि बुरुलचे दोन्ही हात धरले. मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही, म्हणाली. दोन वर्षांपूर्वी, पोरांच्या लग्नात, बुरुलने एवढा महागाचा फोन तिला आहेरात दिला होता. आणि तिने तो वापरला नव्हता. बोटं कुठे लावायची तेच कळेना, म्हणून पेटीत ठेवून दिला. मग थोरलीच्या सासरी कार्य निघालं. हाताशी दुसरं काही नव्हतं. थोरलीच्या सासूने तो तिच्या भावजयीला दिला असणार, भावजयीने आणखी कुणाला. कागद सोडला की वस्तू वापरलेली होते, पुढे देता येत नाही, म्हणून कुणी सोडलाच नाही.

"तुम्ही मनापासून दिलात हो विहीणबाई, आणि मी असं केलं," असिलकान म्हणाली आणि रडायला लागली.

बुरुलने तिचे डोळे पुसले. आहेर फिरायचाच, म्हणाली, माझ्या पेटीतली अर्धी चापानं लोकांचीच आहेत. असिलकान हसली, तुमच्यासारखं मन लाखात एखादीचं असतं म्हणाली आणि हलकी होऊन बाहेर गेली. बुरुलला चुलीत डोकं घालावंसं वाटलं. माफी आपण मागायची, आणि मागून गेली दुसरीच.

कारण तो फोन बुरुलने विकत घेतलेलाच नव्हता. चोरला होता.

*

हे चोरणं इतकं सहज झालं होतं की त्या वेळी ते चोरणं वाटलंच नाही.

बुरुल पंधरा वर्षं या शाळेत फिजिक्स शिकवत होती. अडीच वर्षांपूर्वी गावातल्या एका घरात कुणीतरी जुना फोन केरात टाकला, केर कोळशाबरोबर चुलीत गेला, आणि बॅटरी अशी फुटली की चुलीचं लोखंडी दार उडून समोरच्या भिंतीवर आदळलं. माणसं वाचली. मांजर मात्र त्या दिवशी गेलं ते परत आलं नाही. बुरुलने ही गोष्ट वर्गात सांगितली आणि तुमच्या घरी असे फोन किती आहेत म्हणून विचारलं. चव्वेचाळीस मुलांनी मिळून एकशे दहा मोजले. पेटीत, कपाटावर, गोठ्याच्या कोनाड्यात, परसातल्या संडासाच्या खड्ड्यात. एकाच्या आजीने तर कणीक झाकलेल्या फडक्यावर वजन म्हणून ठेवला होता.

मग बुरुलने राजधानीतल्या एका संस्थेला पत्र लिहिलं. त्यांनी पत्र्याचं हिरवं खोकं पाठवलं. वर फट, पुढे कुलूप. जुने फोन त्यात टाकायचे. वर्षातून दोनदा त्यांची गाडी येऊन घेऊन जाणार. जे मेले असतील त्यांची बॅटरी वेगळी, तांबं वेगळं, काच वेगळी. ज्यांच्यात धुगधुगी असेल ते दुरुस्त करून शाळेला परत, गरजूंना वाटायला. गरजूंची यादी शाळेने द्यायची.

यादी बुरुलनेच केली. दहा मुलं. अकरावं नाव सोनुनबुबूचं.

सोनुनबुबू शाळेत फरशी पुसायची. साठीची बाई, काटक, कुणाचं ऐकून न घेणारी; सगळे तिला अपा, म्हणजे ताई, म्हणायचे. ओल्या फरशीवर पाऊल टाकलं की मुख्याध्यापकांनासुद्धा परत दारापर्यंत पाठवायची आणि वाळेपर्यंत उभं करायची. तिची एकुलती एक लेक आयनुरा परदेशात, येकातेरिनबुर्गला, गोदामात माल बांधायच्या कामावर होती. तिथेच तिला मुलगा झाला. सोनुनबुबूकडे बटणांचा फोन होता, त्यात आवाज यायचा, नातवाचं तोंड दिसायचं नाही. तिचं नाव यादीत घालावं असं दुसऱ्या कुणाला सुचलं नव्हतं. बुरुलला सुचलं याचं बुरुललाच फार बरं वाटलं होतं.

खोक्यावर कागद चिकटवला होता. त्यावर बुरुलच्या अक्षरात लिहिलं होतं: पेटीतला फोन कुणाच्याच उपयोगाचा नाही. किल्ली तिच्या गळ्यातल्या दोरीला, शिट्टीच्या शेजारी.

सप्टेंबरात गाडी येणार त्याच्या तीन दिवस आधी तिने खोकं उघडलं, ते फक्त किती जमलेत ते बघायला. तो गुलाबी फोन सगळ्यात वर होता. मोठा, पातळ, काचेवर ओरखडासुद्धा नाही. ऑक्टोबरात मुलाचं लग्न होतं. मुलीकडच्यांनी कोल्ह्याच्या कातडीची गळपट्टी असलेला कोट द्यायचं ठरवलंय, हे तिच्या कानावर आलं होतं. तिच्या गाठोड्यात मात्र एक चापान आणि एक शाल होती. शिक्षिकेच्या घरचा आहेर, एवढाच, असं कुणीतरी वर धरून दाखवणार होतं. तिने फोन पिशवीत टाकला. पैसे आले की दुसरा घेऊन खोक्यात टाकू, असं स्वतःला सांगितलं. आपण स्वतःला जे सांगतो ते विसरणं सगळ्यात सोपं असतं, आणि ती विसरली.

बाजारात फोन दुरुस्त करणाऱ्या केनेशबेकने नवी बॅटरी घातली. कागद, फीत तिने घरी लावली. फीत सुटायला लागली म्हणून लाल तार गुंडाळली. लग्नात फोन वर धरला गेला तेव्हा बायका ओह म्हणाल्या, आणि बुरुलने मान खाली घालून, काही नाही हो, साधाच आहे, असं म्हटलं.

नोव्हेंबरात गाडी परत आली. दुरुस्त झालेले फोन दहा होते.

यादी वाचायला बुरुलच उभी राहिली. दहा मुलांनी दहा फोन नेले. सोनुनबुबू शेवटी बसली होती, डोक्याला स्वच्छ रुमाल बांधून. बुरुल म्हणाली, अपा, या वेळी कमी पडले. सोनुनबुबू म्हणाली, असू द्या, पुढच्या वेळी. पुढच्या वेळी मुलांची यादी वाढली होती, त्याच्या पुढच्या वेळी आणखी.

त्याच आठवड्यात, शनिवारी शाळा सुटल्यावर, सोनुनबुबू फिजिक्सच्या वर्गाच्या दारात आली आणि पाच मिनिटं फोन द्याल का म्हणाली. बुरुलने लगेच दिला. मग दर शनिवारी एक वाजता. बादली दाराशी ठेवायची, हात पुसायचे, बुरुलच्या समोरच्या बाकावर बसायचं आणि नातवाला बघायचं. नातू पालथा पडला तो बुरुलच्या फोनवर, बसला तो बुरुलच्या फोनवर, पहिल्यांदा उभा राहिला तोही. पाच मिनिटं झाली की सोनुनबुबू फोन रुमालाच्या टोकाने पुसून परत द्यायची. नोरूझच्या सणाला तिने तळलेल्या कणकेच्या गरम बोरसोकांची थाळी आणली, आणि बुरुलने ती घेतली. बुरुल बाईंचं मन किती मोठं, असं शिक्षकांच्या खोलीत बोललं जायचं. ते ऐकून बुरुल वह्या तपासत बसायची, आणि वर बघायची नाही.

*

कार्याच्या दुसऱ्या दिवशी ती गुलाबी फोन घेऊन केनेशबेककडे गेली. कागद त्याच्यासमोर फाडला. त्याने मागचं झाकण उघडलं आणि बॅटरी बघून जीभ टाळ्याला लावून आवाज काढला. बॅटरी फुगून उशीसारखी झाली होती. बाजूला त्याचीच बारीक चिठ्ठी, तारखेची.

"बाई, हा तर एकदाही चालू केलेला नाही," तो म्हणाला. "दोन वर्षं कुठे होता?"

"पेटीत," बुरुल म्हणाली. मग तिला खरं सांगावंसं वाटलं. "पाच जणींच्या पेटीत."

तो हसला. त्याला गंमत वाटली. फुगलेली बॅटरी त्याने वाळूच्या डब्यात ठेवली, नवी घातली, आणि हिरव्या खोक्याकडे पाठवायच्या बॅटऱ्या मी आता वेगळ्या ठेवतो बरं का, तुम्ही सांगितल्यापासून, असंही म्हणाला. बुरुल बरं म्हणून बाहेर पडली.

शनिवारपर्यंत चार दिवस होते. चार दिवस तिने बोलायचं काय ते ठरवलं, खोडलं, पुन्हा ठरवलं. फोन नुसता द्यावा, संस्थेने उशिरा पाठवला म्हणावं, असंही एकदा मनात आलं. तेवढ्यापुरतं बरं वाटलं आणि लगेच स्वतःची किळस आली. पंचावन्न वर्षांच्या बाईला अजून हेच सुचतं.

शनिवारी एक वाजता बादली दाराशी वाजली. सोनुनबुबू आत आली, हात पुसत बाकावर बसली, आणि हात पुढे केला. बुरुलने तिच्या हातात स्वतःचा फोन न देता गुलाबी फोन ठेवला.

"अपा, हा घ्या. हा तुमचाच आहे," ती म्हणाली. पुढचं पाठ केलेलं सगळं गेलं. "मी खोक्यातून..."

सोनुनबुबूने फोन उलटा केला. कोपऱ्यावरून अंगठा फिरवला.

"बेकरीवालीचा," ती म्हणाली. "इथे टवका उडालाय बघा. खोक्यात टाकायच्या आधी तिने माझ्या हातात दिला होता. बघ ग, कसला रंग आहे, म्हणाली होती."

बुरुलने तो टवका बघितला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"गाडी आली त्या दिवशी फोन मीच पोत्यात भरून दिले, बाई. एकेक करून. गुलाबी नव्हता. किल्ली तर तुमच्या गळ्यात." नळ गळतोय हे ज्या आवाजात सांगावं त्या आवाजात ती बोलत होती.

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून काय करायचं? तुम्हाला काढलं असतं. आधीच्या मास्तरांना काढलं तेव्हा तीन वर्षं पोरं फिजिक्सच्या तासाला शिवण शिकत होती. माझी आयनुरा त्याच वर्गात. बटण छान लावते. बाकी काही येत नाही, म्हणून खोकी बांधते तिकडे."

बाहेर मैदानात कुणीतरी चेंडू भिंतीवर मारत होतं. बुरुलला रडू येत नव्हतं. आलं असतं तर बरं झालं असतं असं तिला वाटलं. तिने पुन्हा तोंड उघडलं आणि दोन वर्षं तुमचं नुकसान झालं, असं काहीतरी पुटपुटली.

"माझं काय अडलं?" सोनुनबुबू म्हणाली. "शाळेत अठ्ठावीस शिक्षक आहेत. सगळ्यांचे फोन तुमच्या फोनपेक्षा चांगले. तुमच्यात तर पोराचं नाक निळं दिसतं. पण बाकीच्यांकडे मागायला मला लाज वाटायची. तुमच्याकडे मागताना कधी वाटली नाही."

हे समजायला बुरुलला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा मान खाली गेली. दोन वर्षं तिला वाटत होतं की आपण देतोय. आणि समोरची बाई दर शनिवारी येऊन, बादली दाराशी ठेवून, हात पुसून, आपल्या मालकीचं पाच-पाच मिनिटं वसूल करून नेत होती. रुमालाच्या टोकाने फोन पुसून परत द्यायची, त्यात उपकार मानणं नव्हतं. ओले हात लागले म्हणून पुसायची.

"पण ते बोरसोक," बुरुल म्हणाली. का म्हणाली ते तिलाही कळलं नाही.

"नोरूझला मी सगळ्यांनाच देते. चौकीदारालासुद्धा."

बुरुलने टेबलाची कड धरली. सोमवारी सगळी शाळा मैदानात उभी राहते, म्हणाली, तेव्हा मी पुढे येऊन सांगणार आहे. मुख्याध्यापकांना, मुलांना, सगळ्यांना. मी काय केलं ते. मग त्यांना काय करायचं ते करू देत.

सोनुनबुबूने तिच्याकडे नीट बघितलं. पहिल्यांदा तिच्या आवाजात धार आली.

"असलं काही करू नका. तुम्ही बोलाल, रडाल, हलक्या व्हाल. बाई किती खऱ्या, असंही चार लोक म्हणतील. आणि मग वर्षभर सगळी शाळा माझ्या हातातल्या फोनकडे बघेल. हाच ना तो, हिच्यामुळेच ना झालं सगळं. मला फरशी पुसायचीय इथे."

बुरुलने गळ्यातली दोरी काढली आणि किल्ली टेबलावर ठेवली.

"ती ठेवा तुमच्याकडेच," सोनुनबुबू उठत म्हणाली. "आता तुमच्याइतकं राखणारं कोण मिळणार?"

ही थट्टा होती की नाही, ते तिच्या चेहऱ्यावरून कळेना. तिने खिशातून स्वतःचा बटणांचा फोन काढला, त्यातलं कार्ड नखाने उचकटलं, आणि रिकामा फोन बुरुलच्या पुढ्यात ठेवला. हा खोक्यात टाका, म्हणाली. गुलाबी फोन रुमालात गुंडाळून तिने छातीशी ठेवला. कसा लावायचा ते दाखवू का, असं बुरुलने विचारलं. नको, दोन वर्षं बघतेय की, म्हणून ती बादली उचलून गेली.

बुरुलने तो बटणांचा फोन हातात घेतला. पाचचं बटण पार झिजलं होतं. व्हरांड्यात जाऊन तिने तो हिरव्या खोक्याच्या फटीतून आत सोडला. आत तो एकदा वाजला आणि थांबला. वरचा कागद उन्हाने पिवळा पडला होता, पण अक्षर अजून वाचता येत होतं.

*

सोमवारी शाळा मैदानात उभी राहिली आणि बुरुल आपल्या वर्गाच्या मागे उभी होती. ती पुढे गेली नाही. मंगळवारी मुख्याध्यापकांनी शिक्षकांच्या खोलीत सांगितलं की आपल्या खोक्याबद्दल राजधानीहून कौतुकाचं पत्र आलंय. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बुरुलनेही वाजवल्या, कारण वाजवल्या नसत्या तर कुणीतरी कारण विचारलं असतं.

घरी तिने पेटी उघडली. आत सात चापानं, अकरा शाली आणि असिलकानने दिलेला कोल्ह्याच्या गळपट्टीचा कोट होता. तो कोट तिने दोन वर्षांत एकदाही घातला नव्हता. नारिनच्या थंडीत ती जुन्याच कोटात शाळेत जात होती आणि हा कुणाच्या तरी कार्याची वाट बघत पडला होता. तिने तो काढला, झटकला, घातला. आरशात बघायचं धाडस काही झालं नाही. सून दारात आली आणि आई, कोट छान दिसतोय, म्हणाली.

शनिवारी शाळा सुटली. बुरुलने फळा पुसला, तारा कपाटात ठेवल्या, आणि सवयीने फोन काढून टेबलावर ठेवला. सकाळीच पूर्ण चार्ज करून आणला होता, तोही सवयीनेच. एक वाजला. बादली व्हरांड्यात वाजली, दारापर्यंत आली आणि पुढे गेली.

मग पुसणं थांबलं. थोड्या वेळाने लहान मुलाचा आवाज आला, आणि सोनुनबुबूचं हसणं. बुरुलने दारातून बघितलं. सोनुनबुबू हिरव्या खोक्याखाली उलट्या बादलीवर बसली होती, हात लांब करून, फोन उंच धरून. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पाव तास झाला. तिकडे पोरगं काहीतरी दाखवत होतं, आणि ती, अरे वा, आणखी काय आहे तुझ्याकडे, असं विचारत होती. घाई अशी कसलीच नव्हती.

दारापासून जिन्यापर्यंत फरशी ओली होती, नुकतीच पुसलेली, कुणाचं पाऊल न लागलेली. बुरुलने कोटाची बटणं लावली, पिशवी मांडीवर घेतली आणि फरशी वाळेपर्यंत वर्गातच बसून राहिली.